कोर्स झाला, पद कुठे? एका रुग्णालयात स्टोमा परिचारिकेची भूमिका कशी उभी राहिली

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावातल्या धर्मादाय रुग्णालयाचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. शस्त्रक्रिया विभागात दोन सर्जन, ठरावीक मुदतीने बदलणारे रेसिडेंट (शिकाऊ निवासी डॉक्टर) आणि तीस खाटांचा वॉर्ड. गुदाशयाच्या कर्करोगाच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया इथे होतात. टायफॉइडने किंवा आतड्याच्या क्षयाने आतडं फुटलेले रुग्ण रात्री-अपरात्री येतात तेही इथेच. या दोन्ही प्रकारांत अनेकांना स्टोमा करावा लागतो, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी लावायची. लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी, मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी. बरेचसे स्टोमा तात्पुरते असतात, काही महिन्यांनी आतडं पुन्हा जोडतात. पण ते महिने रुग्णाला घरी, शेतावर, लग्नकार्यात काढायचे असतात.

हे खास परिचर्येचं काम आहे हे जगाने मान्य केलं त्याला साठ वर्षं उलटून गेली. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल यांना याच कामासाठी नेमलं. त्यांना स्वतःला इलिओस्टोमी झालेली होती आणि त्या परिचारिका नव्हत्या. १९६१ पासून तिथे रीतसर प्रशिक्षण सुरू झालं आणि पुढे ही परिचर्येची स्वतंत्र शाखा झाली. भारतात प्रगत परिचर्येच्या काही वाटा कागदावर ठळक आहेत: प्रसूतीसाठी 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी'चं अठरा महिन्यांचं प्रशिक्षण, अतिदक्षतेसाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम. स्टोमा, जखमा, मधुमेही पाय, स्तनाचा कर्करोग अशा कामांत मात्र बहुतेक ठिकाणी एखादी हुशार, आवड असलेली सिस्टर ते काम अंगावर घेते आणि तिची बदली झाली की काम थांबतं. या रुग्णालयातही तसंच चाललं होतं.

अडचण

प्रकरणाला तोंड फुटलं ते एका शेतमजूर बाईंमुळे. वय पंचावन्नच्या आसपास. गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, खालचा जोड भरून यावा म्हणून वर इलिओस्टोमी केली. सातव्या दिवशी डिस्चार्ज. पाच दिवसांनी त्या परत आल्या: पोटऱ्यांत वांब, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, लघवी जवळपास बंद, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं माप, वाढलेलं. वॉर्डातल्या एका अनुभवी स्टाफ नर्सने विचारलं, "मावशी, पाणी किती पिता?" बाई म्हणाल्या, "भरपूर पिते की. कार्डावर लिहून दिलंय ना." डिस्चार्ज कार्डावर खरोखरच लिहिलेलं होतं: 'भरपूर पाणी प्या.'

हाच सल्ला त्यांना बाधला. इलिओस्टोमीतून जाणाऱ्या दर लिटरमागे साधारण १०० मिलिमोल सोडियम बाहेर पडतं. स्टोमा नीट स्थिरावला की दिवसाला ६०० ते ८०० मिलिलिटर पडतं, शरीर तेवढं सावरून घेतं. पण ते १,५०० मिलिलिटरच्या वर गेलं की नुसतं पाणी, चहा, लिंबू सरबत जितकं प्यावं तितकं आतडं उलट आपलं सोडियम त्या पातळ द्रवात ओतत राहतं. पिशवी आणखी भरते, तहान आणखी लागते, माणूस आणखी पाणी पितो. या बाईंची पिशवी दिवसाला २ लिटरच्या वर जात होती. घरी कुणी मोजलंच नव्हतं, कारण मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट कातडीची. स्टोमाभोवतीची कातडी सोललेली, लालभडक. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत आकसत जातो. पिशवीच्या चकतीचं (कातडीला चिकटणाऱ्या भागाचं) भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. बाईंना पहिल्या आठवड्यात कापून दिलेल्या मापाच्याच चकत्या दिल्या होत्या. आकसलेल्या स्टोमाभोवती उघडी राहिलेली कातडी पाचकरसाने जळत होती. घरच्यांनी तिथे खोबरेल तेल लावलं, मग चकती चिकटेना.

तिसरी गोष्ट सगळ्यांत टाळता येण्यासारखी होती. स्टोमा नेमका परकराच्या नाडीखाली आला होता. बाई लुगडं नेसायच्या, खाली बसून खुरपणी करायच्या. उकिडवं बसलं की पोटाची वळी पिशवीवर यायची आणि कडेने गळती व्हायची. शस्त्रक्रियेआधी त्यांना बसवून, वाकवून जागेची खूण कुणी केलीच नव्हती. ऑपरेशन टेबलावर उताण्या झोपलेल्या माणसाच्या पोटावर वळ्या दिसत नाहीत.

मागचे केसपेपर काढल्यावर दिसलं की ही एकटी घटना नव्हती. वॉर्डातल्या सिस्टर दर काही महिन्यांनी दुसऱ्या विभागात जात, शिकलेलं काम तिथेच राही. पिशवी बदलायला शिकवण्याचं काम प्रत्यक्षात पिशव्या विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी करत होता, आणि तो आठवड्यातून एकदा येई.

समोरचे पर्याय

वरिष्ठ सर्जन, मेट्रन, वैद्यकीय अधीक्षक आणि ती स्टाफ नर्स यांच्या बैठकीत चार वाटा मांडल्या गेल्या.

पहिली फुकटची होती. कंपनीने आपली प्रशिक्षित परिचारिका आठवड्यातून तीन दिवस द्यायची तयारी दाखवली. मेट्रननी एकच प्रश्न विचारला: ज्याला स्वस्त पिशवी पुरेल त्या रुग्णाला ती स्वस्त पिशवी सुचवेल का? उत्तर कुणीच दिलं नाही. शिवाय औषधं, डिस्चार्ज, पुनर्भरती यांबाबत तिच्या म्हणण्याला केसपेपरवर जागा नसती. ही वाट सोडली, आणि तो निर्णय योग्यच होता.

दुसरी वाट म्हणजे सगळ्या वॉर्ड सिस्टरना एका दिवसाचं प्रशिक्षण. खर्च कमी, पण बदल्यांचा प्रश्न तसाच. तिसरी म्हणजे अवघड रुग्ण मुंबई-पुण्याला पाठवणं. ते आधीही होतच होतं, आणि ज्यांना एसटीचं भाडंही जड जातं ते तिथे पोचतच नव्हते.

चौथी वाट निवडली: या स्टाफ नर्सला मुंबईत स्टोमा परिचर्येच्या प्रशिक्षणाला पाठवायचं आणि परतल्यावर हे काम तिच्याकडे द्यायचं. त्या बारा वर्षं शस्त्रक्रिया वॉर्डात होत्या, जीएनएम या परिचर्येच्या पदविकेनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी केलेलं, आणि बाईंना पाण्याचा प्रश्न त्यांनीच विचारला होता. निवड बरोबर झाली. 'काम तिच्याकडे द्यायचं' म्हणजे नक्की काय, हे मात्र बैठकीत कुणी लिहून काढलं नाही. पुढची बहुतेक अडचण तिथून आली.

पहिलं वर्ष: निम्मी सिस्टर

परतल्यावर ठरलं की त्या अर्धा वेळ वॉर्डात आणि अर्धा वेळ स्टोमाच्या कामात असतील. कागदावर हे समतोल दिसत होतं. प्रत्यक्षात वॉर्डात एक सिस्टर रजेवर गेली की तो अर्धा वेळ पहिल्यांदा जाई. दुपारी स्टोमा ओपीडी ठेवलेली आणि त्याच वेळी त्या औषधांच्या ट्रॉलीवर. लांबून आलेले रुग्ण बाकावर बसून परत जात. पूर्ण वेळ तोडून देता येत नसेल तर निदान ठरलेले वार आणि ठरलेले तास द्यावेत, आणि त्या तासांना रोट्यात (ड्युटीच्या वेळापत्रकात) 'उपलब्ध' समजू नये. मेट्रननी दुसऱ्या वर्षी आठवड्याचे चार दिवस वेगळे केले आणि रोट्यात त्यांच्या नावापुढे वॉर्डाऐवजी 'स्टोमा' असं लिहिलं. त्या एका शब्दाने जो फरक पडला तो आधीच्या सगळ्या सूचनांनी पडला नव्हता.

दुसरा अडथळा अधिकाराचा. एका रात्री शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दिवशी एका रुग्णाचा स्टोमा जांभळट-काळा दिसत होता. सिस्टरांनी तेल लावलेली पारदर्शक परीक्षानळी हलकेच स्टोमात सरकवली आणि टॉर्चच्या उजेडात आत पाहिलं. काळेपणा पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणापर्यंतच असेल तर लक्ष ठेवून थांबता येतं. त्याच्याही आत असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. त्यांना आतही काळं दिसलं. रेसिडेंट म्हणाला, सकाळी राऊंडला बघू. सिस्टरांनी थेट वरिष्ठ सर्जनना फोन केला. सर्जन आले, रुग्णाला पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. वैद्यकीय दृष्टीने सगळं ठीक झालं. पण दुसऱ्या दिवशी वॉर्डात चर्चा होती ती रेसिडेंटला डावलल्याची. त्या रात्री सिस्टरांच्या मागे कुठलाही कागद नव्हता, फक्त सर्जनचा त्यांच्यावरचा विश्वास होता. दुसऱ्या सर्जनची ड्युटी असती तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही.

दुसरं वर्ष: कागदावरचे अधिकार

यानंतर दोन पानांचं अधिकारपत्र तयार झालं. सर्जन, मेट्रन आणि अधीक्षक तिघांच्या सह्या. ते तीन भागांत होतं, आणि अशी भूमिका उभी करू पाहणाऱ्या कोणत्याही रुग्णालयाने निदान एवढी विभागणी तरी करावी.

पहिल्या भागात सिस्टरांनी स्वतः ठरवायच्या गोष्टी: शस्त्रक्रियेआधी जागेची खूण, पिशवीचा प्रकार, चकतीचं माप, कातडीची काळजी, आहाराचा सल्ला, फेरतपासणीची तारीख आणि 'घरी सोडायला तयार नाही' असं केसपेपरवर लिहिण्याचा हक्क. शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त वाद झाला. डिस्चार्जचा निर्णय सर्जनचाच राहिला, पण सिस्टरांचा शेरा असेल तर त्याला उत्तर लिहिल्याशिवाय डिस्चार्ज होणार नाही, असं ठरलं.

दुसऱ्या भागात आधी करून मग कळवायच्या गोष्टी: काळसर स्टोमा, रक्तस्राव, आत ओढला गेलेला स्टोमा यांसाठी थेट वरिष्ठ सर्जनना फोन, आणि पिशवी जास्त भरत असेल तर रक्त व लघवीची तपासणी पाठवणं. लघवीतलं सोडियम २० मिलिमोल प्रति लिटरच्या खाली गेलं असेल तर शरीर कोरडं पडतंय हे क्रिएटिनिन वाढायच्या आधीच कळतं. ही तपासणी स्वस्त आहे, पण लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तिसऱ्या भागात न करायच्या गोष्टी, आणि त्यात औषधांचा तिढा होता. आतड्याचा वेग कमी करणारी लोपेरामाइडची गोळी अशा वेळी लागते, पण सिस्टरांनी ती स्वतःच्या अधिकारात लिहून देणं शक्य नव्हतं. तोडगा असा निघाला: डिस्चार्जच्या वेळीच सर्जनने त्या रुग्णाच्या केसपेपरवर अटीसह आदेश लिहून ठेवायचा. पिशवी सलग २४ तासांत १,५०० मिलिलिटरच्या वर गेली, ताप नाही, पोट फुगलेलं नाही, उलटी नाही, तर लोपेरामाइड २ मि.ग्रॅ. जेवणाआधी अर्धा तास, दिवसातून तीनदा, आणि दोन दिवसांत तपासणी. अट पूर्ण झाली की नाही हे सिस्टर फोनवर विचारून ठरवत. औषध डॉक्टरांचंच राहिलं, वेळ मात्र वाचली. ताप आणि फुगलेलं पोट या अटी सोडून चालत नाही. संसर्ग किंवा अडथळा असताना आतड्याचा वेग कमी करणं धोक्याचं असतं.

कामाची पद्धतही बदलली. ठरवून होणाऱ्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सिस्टर रुग्णाला त्याच्या रोजच्या कपड्यांत पाहू लागल्या. पाठ्यपुस्तकातल्या चार स्थिती म्हणजे झोपून, बसून, वाकून, उभं राहून. आपल्याकडे त्यांत मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं या दोन वाढवाव्याच लागतात. खूण पोटाच्या उभ्या स्नायूवर, रुग्णाला स्वतःला दिसेल अशी. जुने व्रण, वळ्या, हाडाची कड आणि नाडीची रेघ यांपासून सुमारे ५ सेंटिमीटर लांब. लुगडं नेसणाऱ्या बाईला निऱ्या खोचून दाखवायला सांगायचं, धोतर नेसणाऱ्याला गाठ कुठे येते ते पाहायचं. पोट सुटलेलं असेल तर खूण वरच्या बाजूला घ्यायची, नाहीतर रुग्णाला स्टोमा दिसतच नाही आणि पिशवी दुसऱ्यानेच बदलावी लागते.

घरी जाण्याआधीच्या अटी चार होत्या. रुग्णाने किंवा घरच्या माणसाने सिस्टरांसमोर दोनदा पिशवी बदललेली असावी. २४ तासांचं माप १,५०० मिलिलिटरच्या खाली असावं. मीठ-साखरेचं द्रावण करून दाखवलेलं असावं. फोन नंबर कार्डावर असावा. द्रावण असं: १ लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज पावडर, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. चमच्याच्या मापात ५ मिलिलिटरचे सहा सपाट चमचे ग्लुकोज, एक सपाट चमचा मीठ, अर्धा चमचा सोडा शिगोशीग. बाजारातल्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं, या द्रावणात सुमारे ९०, म्हणून पिशवी जास्त भरणाऱ्यांसाठी हे बरं. चव खारट लागते, थंड करून घोट घोट घ्यायचं. ज्यांची पिशवी जास्त भरते त्यांना साधं पाणी, चहा, सरबत मिळून दिवसाला १ लिटरपेक्षा जास्त देऊ नये. कार्डावरचं 'भरपूर पाणी प्या' हे वाक्य कायमचं काढलं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णासाठी हे मिठाचं प्रमाण डॉक्टरांनी पाहूनच ठरायचं.

प्रत्येकाला १ लिटरचं प्लास्टिकचं मोजपात्र दिलं. पिशवी एक तृतीयांश भरली की मोजपात्रात रिकामी करायची. लिहिता न येणाऱ्यांसाठी सोपी खूण: दिवसभरात दीड पात्र भरलं की फोन करायचा. पहिल्या आठवड्यात सिस्टर स्वतः दोनदा फोन करत.

तिसरं वर्ष: बढतीचा पेच

सेवाज्येष्ठतेनुसार सिस्टरांची इन्चार्ज म्हणून बढती आली. आपल्याकडे परिचर्येची शिडी एकच आहे: स्टाफ नर्स, इन्चार्ज, सहायक मेट्रन, मेट्रन. प्रत्येक पायरीवर रुग्ण दूर जातो आणि रोटा, साहित्य, नोंदवह्या जवळ येतात. बढती घेतली तर स्टोमाचं काम सुटणार, नाही घेतली तर आयुष्यभराचा भत्ता सुटणार. अशा प्रसंगी कुणा सिस्टरकडून त्यागाची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे, आणि मेट्रननी ते विश्वस्तांना स्पष्ट सांगितलं.

विश्वस्तांची भीती अशी की एकीला वेगळा भत्ता दिला की उद्या डायलिसिसची, आयसीयूची सिस्टरही मागेल. मेट्रनचं उत्तर होतं, मागू दे, तीही तेवढंच काम दाखवत असेल तर द्यावं. शेवटी 'विशेष परिचारिका' असं पद इन्चार्जच्या समकक्ष भत्त्यासह तयार झालं. अटी तीन: दर तिमाहीला कामाचा लेखी आढावा, नव्या सिस्टरना शिकवण्याची जबाबदारी, आणि दोन वर्षांत दुसरी व्यक्ती तयार करणं.

निष्पत्ती

ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियांत आधी खूण करणं नेहमीचं झालं. कातडी जळून येणारे रुग्ण कमी झाल्याचं सर्जन आणि वॉर्ड दोघेही सांगतात, कोरडे पडून परत येणारेही. किती कमी झाले हे मात्र सांगता येत नाही, कारण भूमिका सुरू होण्याआधीची नोंदच नव्हती. तिसऱ्या वर्षी विश्वस्तांनी आकडे मागितले तेव्हा ही उणीव महागात पडली असती. दुसऱ्या वर्षापासूनच्या फोन-नोंदवहीने पद वाचवलं.

रात्री फुटलेलं आतडं घेऊन येणाऱ्या रुग्णांचा प्रश्न अर्धाच सुटला. तेव्हा सिस्टर घरी असतात. खूण करण्याची एक पानी पद्धत ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर लावली, रेसिडेंटना दर तुकडीला शिकवलं जातं, पण गंभीर रुग्णाला उकिडवं बसवता येत नाही हे खरंच आहे. अशा रुग्णांत पुढे फुगीर चकती आणि पट्ट्याने काम भागवावं लागतं, आणि त्यांचा पिशव्यांचा खर्च जास्त येतो.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात नोंदीपासून करावी. प्रशिक्षणाला पाठवण्याआधी तीन महिने फक्त चार गोष्टी लिहाव्यात: स्टोमा किती झाले, आधी खूण किती जणांना, तीस दिवसांत परत किती आले, का आले. एक वही पुरते.

अधिकारपत्र प्रशिक्षणाआधी लिहावं. परतलेल्या सिस्टरला तेव्हा अधिकार मागत फिरावं लागत नाही, आणि नेमकं कोणतं कौशल्य शिकून यायचं हेही ठरतं.

दुसरी सिस्टर पहिल्याच वर्षी सोबत घ्यावी. इथे पहिल्या सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या सहा महिन्यांत ओपीडी बंद राहिली आणि काही रुग्ण पुन्हा कंपनीच्या प्रतिनिधीकडे गेले. एकाच व्यक्तीवर उभं राहिलेलं काम त्या व्यक्तीला रजाही मोकळ्या मनाने घेऊ देत नाही.

पिशव्यांच्या खरेदीत सिस्टरांचा शेरा असावा, पण कंपनीशी दराची बोलणी त्यांच्याकडे नसावीत. ही दोन कामं या रुग्णालयात दीड वर्ष एकत्र होती. सध्या खरेदी भांडार विभाग करतो आणि दोन-तीन कंपन्यांच्या पिशव्या रुग्णापुढे किमतीसह ठेवल्या जातात. दुसऱ्या सिस्टर सध्या मुंबईत प्रशिक्षण घेत आहेत, आणि त्यांचं अधिकारपत्र त्या जाण्याआधीच सह्या होऊन तयार आहे.